पुट, बट आणि आपली हनुवटी

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हापासून बऱ्याच घरी एकच बोलणं ऐकू येतं, 'माह्याच्यानं इंग्रजी होत नाही, पोराचं पुस्तक मी कशाला उघडू?' आमचं म्हणणं, उघडाच. पुस्तकातली गाणी यमकावर चालतात, आणि यमकाचा कान बायांना जात्यापासूनचा आहे. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता ऐकणाऱ्यांना तर ओवीचे पहिले तीन चरण कसे जुळतात ते सांगायलाच नको.

इंग्रजीचा नियम एवढाच: शब्दाचं शेपूट जुळलं पाहिजे, तोंड नाही. कॅट–हॅट जुळतं. कॅट–कॅप जुळत नाही, लहान पोरं इथंच फसतात. अन् जुळणं कानानं पाहायचं, स्पेलिंगनं नाही. पी-यू-टी पुट, पण बी-यू-टी बट. अक्षरं सारखी, यमक नाही. उलट टूच्या शेवटी ओ, शूच्या शेवटी ओ-ई, ब्लूच्या शेवटी यू-ई, तरी तिन्ही जुळतात. आपल्याकडंही असंच आहे की! पुस्तकात 'डोळा' आणि 'सोया' जुळत नाहीत, पण वऱ्हाडात आपण 'डोया' म्हणतो, मग डोया–सोया पक्कं यमक.

टाइम आणि लाइन? मधला स्वर एकच, शेवटी म आणि न जवळचे. हे अर्धं यमक. गाण्यात चालून जातं, पण परीक्षेत 'जुळणारे शब्द लिहा' म्हटलं तर टाइमला लाइम लिहायला सांगा.

आता सिलेबल, म्हणजे शब्दातले आवाजाचे तुकडे. हनुवटीखाली हात धरा आणि हळू बोला. हनुवटी जितक्यांदा खाली येते तितके तुकडे. बस एक, डॉक्टर दोन, हॉस्पिटल तीन. आपलं हिवरखेड लिहिताना पाच अक्षरं, पण बोलताना हि-वर-खेड, तीनच.

गंमत इथं आहे. इंग्रजीत स्कूल एका झटक्यात, एकच तुकडा. आपण 'इस्कूल' म्हणतो, झाले दोन. फिल्म एक, आपलं 'फिलिम' दोन. म्हणून पोरगं गाणं म्हणताना तालाच्या मागं पडतं. त्याला हसू नका. सुरुवातीला नुसतं 'स्स्स' लांबवायला लावा, मग त्याला 'कूल' जोडा.

हा नुसता खेळ नाही. इंग्लंडात लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी सुमारे चारशे मुलांचा अभ्यास करून 1983 साली तो छापला. चौथ्या-पाचव्या वर्षी ज्यांना यमक ओळखू येत होतं, ती मुलं पुढं वाचनात चांगली निघाली.

यासाठी वही-पेन लागत नाही. भाकरी थापता थापता विचारा, 'बॉलला काय जुळतं?' पोरगं टॉल म्हणेल, वॉल म्हणेल. 'झॉल' म्हणालं तरी चालू द्या. अर्थ नसला तरी यमक बरोबर आहे.