माप घेऊन घडवलेला जबडा

अंगाला नीट बसणारा कपडा हवा असला की आपण शिंप्याकडे जाऊन माप देतो. तयार कपडा चटकन मिळतो, पण कुठे बाही लांब तर कुठे गळा तंग! कपड्याच्या बाबतीत हे चालून जाते. शरीरात बसवायच्या कृत्रिम हाडाचे काय? गुडघा किंवा खुबा बदलताना ठरावीक आकारांच्या तयार सांध्यांतून योग्य तो निवडला की बहुतेक रुग्णांचे काम भागते. जबड्याचे तसे नाही. प्रत्येकाचा चेहरा निराळा, तसा जबडाही निराळा.

२०११ साली नेदरलँड्समधील ८३ वर्षांच्या एका आजीबाईंच्या बाबतीत डॉक्टरांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला.

वय आडवे आले

आजींच्या खालच्या जबड्याच्या हाडात जंतुसंसर्ग मुरला होता. जवळजवळ सगळे हाड खराब झाले होते. अशा वेळी नेहमीचा उपाय म्हणजे रुग्णाच्याच पायातले, नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढायचे, त्याला जबड्याचा आकार द्यायचा आणि चेहऱ्यात बसवून रक्तवाहिन्या पुन्हा जोडायच्या. उपाय चांगला, पण शस्त्रक्रिया फार लांबलचक. तरुण शरीर इतके तास भूल सोसते. ८३व्या वर्षी तोच मोठा धोका ठरतो. बरे, हाड काढून तसेच सोडावे, तर चेहऱ्याची ठेवण जाते आणि खाणे, गिळणे, बोलणे सगळेच कठीण होऊन बसते.

बेल्जियममधील हासेल्ट विद्यापीठाचे प्रा. ज्यूल्स पौकेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. आजींच्या मापाचा अख्खा जबडा धातूत घडवायचा!

पावडरीतून हाड

हे काम आले बेल्जियममधल्याच ल्यूव्हेन शहरातील ‘लेअरवाइज’ या छोट्या कंपनीकडे. तेथील विद्यापीठातल्या संशोधनातून २००८ साली ती उभी राहिली होती. धातूच्या वस्तूंची त्रिमितीय छपाई, म्हणजेच थ्रीडी प्रिंटिंग, हाच तिचा व्यवसाय.

ही छपाई होते तरी कशी? आधी स्कॅनवरून संगणकावर जबड्याचा आराखडा तयार होतो. संगणक त्या आराखड्याचे अतिशय पातळ काप पाडतो. मग यंत्रात टायटॅनियम धातूच्या बारीक पावडरीचा थर पसरला जातो आणि पहिल्या कापाच्या आकाराबरहुकूम लेसर किरण ती वितळवून सांधतो. त्यावर दुसरा थर, मग तिसरा... एक मिलिमीटर उंचीसाठी तब्बल ३३ थर लागले. तरीही आराखडा हाती आल्यावर जबडा छापायला काही तासच पुरले.

साच्यातून वस्तू काढायची तर एकाच नगासाठी साचा बनवणे परवडत नाही. इथे साचाच नसल्याने एकाच माणसासाठी एकच नग बनवता येतो. म्हणूनच असे काम छोट्या कंपनीच्याही आवाक्यात येते. स्नायू जोडले जावेत म्हणून पोकळ्या, नसांना वाट मिळावी म्हणून खाचा, हेही सारे त्या जबड्यात छापतानाच ठेवले होते.

धातू टायटॅनियमच का? तो हलका, मजबूत, न गंजणारा. शिवाय हाड त्याला घट्ट धरते. स्वीडनच्या ब्रानेमार्क यांनी हा गुण ओळखून १९६५ साली एका रुग्णाला टायटॅनियमच्या आधारावर दात बसवले होते.

चौथ्या दिवशी घरी

जून २०११ मध्ये शस्त्रक्रिया झाली. सुमारे चार तासांत काम आटोपले. नेहमीच्या पद्धतीला याच्या पाचपट वेळ लागला असता, असे डॉक्टरांनी सांगितले. शुद्धीवर आल्यावर थोड्याच वेळात आजी चार शब्द बोलल्या, दुसऱ्या दिवशी त्यांना गिळता येऊ लागले आणि चार दिवसांनी त्या घरी गेल्या. नव्या जबड्याचे वजन १०७ ग्रॅम, मूळच्या जबड्याहून सुमारे एक तृतीयांश जास्त. एका रुग्णाच्या मापाने घडवलेला संपूर्ण खालचा जबडा बसवण्याची ही जगातली पहिलीच वेळ, असे या चमूने जाहीर केले.

पुढे २०१४ साली ‘थ्रीडी सिस्टिम्स’ या अमेरिकन कंपनीने लेअरवाइज विकत घेतली. आज कवटी, चेहरा आणि खुब्याच्या अवघड शस्त्रक्रियांत मापाने घडवलेली हाडे वापरली जातात. अर्थात प्रत्येकाला त्यांची गरज नसते. स्कॅन, आराखडा, तपासणी यांत दिवस जातात. त्यामुळे तातडीच्या वेळी तयार साधनांवरच भिस्त ठेवावी लागते. जंतुसंसर्गाची भीतीही इतर कोणत्याही इम्प्लांटइतकीच असते.

‘या वयात कशाला मोठे ऑपरेशन?’ असे घरोघरी म्हटले जाते. पुष्कळदा त्यात तथ्यही असते. पण ऑपरेशन किती मोठे, हे पद्धतीवरही अवलंबून असते. म्हणून घरातल्या वृद्धांबाबत निर्णय घेण्यापूर्वी डॉक्टरांना आणखी एक प्रश्न जरूर विचारावा : यापेक्षा कमी वेळाचा, शरीराला झेपेल असा दुसरा मार्ग आहे का?