सुरणाचा डोळा : काढणी, विभागणी व पुनर्लागवड

शाळेच्या बागेत कंदवर्गीय पिके लावताना एक अनुभव वारंवार येतो. चांगला टपोरा कंद आणावा, त्याचे सारखे तुकडे करावेत, मुलांकडून ते मातीत ठेववावेत. आणि पाऊस सुरू झाल्यावर पाहावे तो काही तुकड्यांना जोमदार कोंब फुटलेले असतात, तर काही जागच्या जागी कुजून गेलेले असतात. माती तीच, पाणी तेच, कंदही तोच. मग भेद कोठे पडला? मुले हा प्रश्न विचारतात, आणि ‘नशिबाचा भाग’ हे त्याचे उत्तर नव्हे. उत्तर कंदाच्या डोळ्यात आहे. प्रस्तुत लेखात सुरणाच्या उदाहरणाने हे उत्तर विशद केले आहे.

सुरणाचेच उदाहरण घेण्यास कारण आहे. सूर्या नदीच्या काठी वसलेल्या मासवण व आसपासच्या गावांतील मुलांना कंदांची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. करांदे, कणगर व सुरण त्यांच्या परिचयाचे असतात. पहिल्या पावसाच्या सरी पडताच रानात शेवळे उगवतात आणि काकडाच्या आंबट फळांसह त्यांची भाजी घरोघर शिजते. हे शेवळ सुरणाच्याच कुळातील, त्याच्या जवळच्या नात्याचे आहे. मुलांच्या या घरच्या ज्ञानावर शाळेच्या धड्याची उभारणी करणे हेच स्वाभाविक होय.

सुरणाची रचना

सुरणाचे जे हिरवे झाड जमिनीवर दिसते ते वस्तुतः एकच पान असते. ठिपकेदार, मांसल असा जो दांडा मुले ‘खोड’ म्हणून दाखवितात तो त्या पानाचा देठ होय. खरे खोड जमिनीखाली असते आणि तेच आपण कंद म्हणून खातो. अशा भरीव भूमिगत खोडास दृढकंद म्हणतात. कंदाच्या माथ्यावर मध्यभागी एक खोलगट वर्तुळ असते. त्यात मुख्य डोळा असतो आणि पुढील वर्षीचा कोंब तेथूनच निघतो.

कंद हे या वनस्पतीचे कोठार आहे. कोंब वर येत असता तो कोठारातील पिष्ट वापरतो. पान उघडले की ते सूर्यप्रकाशात नवे अन्न तयार करते. जुना कंद हळूहळू सुकत जातो व त्याच्या माथ्यावर नवा कंद भरू लागतो. म्हणजे दरवर्षी हाती येणारा कंद हा गतवर्षी लावलेलाच वाढलेला कंद नसून त्याच्या जागी तयार झालेला नवा कंद असतो. ही गोष्ट मुलांना प्रत्यक्ष दाखविण्याजोगी आहे. श्रावणात एखादे झाड मुळासकट हलकेच उपटल्यास खाली सुरकुतलेला जुना कंद व वर कोवळा नवा कंद असे दोन्ही एकत्र दिसतात.

काढणी

पाऊस संपल्यावर पान पिवळे पडून लोळू लागते. लागवडीपासून सुमारे आठ-नऊ महिन्यांनी ते पुरते सुकते. ही काढणीची खूण होय. पान हिरवे असताना कंद काढल्यास तो अपक्व राहतो व टिकत नाही. कुदळ झाडाच्या बुंध्याशी न मारता हातभर अंतरावरून माती सैल करावी आणि कंद अखंड उचलावा. कुदळीचा घाव लागलेला कंद साठवणीत कुजतो आणि शेजारच्या कंदांसही बाधा करतो; म्हणून असे कंद वेगळे काढून आधी खाण्यास घ्यावेत.

माती झटकून कंद सावलीत, हवेशीर जागी, एकमेकांस न चिकटतील असे पसरून ठेवावेत. काढणीनंतर सुमारे दोन ते तीन महिने कंदाची विश्रांतीची अवस्था असते. या काळात तो लावला तरी कोंब येत नाही. माघात लावलेला तुकडा उगवला नाही म्हणून तो मेला असे समजू नये.

विभागणी

लागवडीच्या वेळी कंदाची विभागणी करताना नियम एकच आहे : प्रत्येक तुकड्यास माथ्यावरील डोळ्याच्या वर्तुळाचा काही भाग मिळालाच पाहिजे. यासाठी गोल भाकरीचे मधोमध चतकोर करावेत त्याप्रमाणे सुरी माथ्यावरून सरळ खाली न्यावी. आडवे काप केल्यास सर्व डोळा वरच्या एका कापाकडे जातो. खालच्या कापांत पिष्ट भरपूर असले तरी त्यांस कोंब फुटत नाही किंवा फार उशिरा फुटतो, आणि तोवर ते बहुधा कुजतात. आरंभी उल्लेखिलेल्या भेदाचे कारण हेच.

तथापि नुसता डोळाही पुरत नाही. पान उघडेपर्यंत कोंबास पोसण्याइतका साठा तुकड्यात हवा. यासाठी तुकडा सुमारे अर्धा ते एक किलोग्रॅम वजनाचा ठेवतात. लहान तुकड्यापासून रोप येते, परंतु कंद लहान भरतो. कापलेले तुकडे शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवावेत. कापाचा भाग कोरडा झाल्याशिवाय लागवड करू नये.

स्थानिक जातींच्या कंदास बाजूने लहान गाठी येतात. त्या काढून वेगळ्या लावता येतात. अशा गाठींपासून मोठा कंद मिळण्यास तीन-चार वर्षे लागतात. दरवर्षी काढावयाचे, आकारानुसार निवडावयाचे आणि पुन्हा लावावयाचे, असा तो क्रम असतो. ‘गजेंद्र’ या सुधारित जातीच्या कंदास अशा गाठी सहसा येत नाहीत व तिला खाजही कमी असते. तिची वाढ तुकड्यांनीच करावी लागते.

पुनर्लागवड

अक्षय्य तृतीयेपासून मृग नक्षत्रापर्यंतचा काळ लागवडीस योग्य होय. पाणी साचणारी जागा टाळावी; आपल्या भागातील मुसळधार पावसात हीच दक्षता सर्वांत महत्त्वाची. दोन्ही बाजूंनी ९० सेंटिमीटर अंतरावर खड्डे घेऊन त्यांत कुजलेले शेणखत व माती मिसळावी. तुकडा डोळ्याची बाजू वर करून ठेवावा, मातीने झाकावा व त्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे.

येथे गणिताचा पाठही साधतो. ४ किलोग्रॅमच्या एका कंदाचे अर्ध्या किलोग्रॅमचे ८ तुकडे होतात. एका रोपास ०.८१ चौरस मीटर जागा लागते. म्हणून ८ रोपांस ६.४८ चौरस मीटर, म्हणजे ३.६ मीटर लांब व १.८ मीटर रुंद वाफा पुरतो. हे मोजमाप मुलांनी दोरी व खुंट्या घेऊन स्वतः करावे.

दक्षता

सुरणाच्या अंगी कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांमुळे त्वचेस खाज सुटते व कच्चा कंद तोंडात गेल्यास घसा चुरचुरतो. म्हणून कंद कापण्याचे काम शिक्षकांनी अथवा जाणत्या मोठ्या माणसाने हातास तेल लावून करावे. मुलांनी पाहावे, मोजावे व सुकलेले तुकडे लावावेत. डोळ्यांस हात लावू नये. भाजीत चिंच किंवा आमसूल घालण्याची, तसेच शेवळात काकड घालण्याची रीत याच खाजेवरचा परंपरागत उपाय आहे.

बियाण्याचा वाटा

धान्याच्या पिकात खावयाचा दाणा व पेरावयाचा दाणा वेगवेगळे ठेवता येतात. सुरणात अन्न व बियाणे एकाच देहात असतात. काढणी हिवाळ्यात आणि लागवड वैशाखात. मधल्या महिन्यांत घरातील धान्य संपत आले किंवा पैशाची निकड पडली, की ठेवलेला कंद शिजतो अथवा बाजारात जातो आणि पुढील वर्षाचा वाफा रिकामा राहतो. यात कुटुंबाचा दोष काढणे योग्य नव्हे. भूक थांबत नाही. परंतु डोळा कोठे असतो हे ज्या घरास माहीत आहे, त्या घरास दोन्ही वाटे काढता येतात : कंदाचा खालचा भाग चुलीकडे आणि डोळ्यासह पुरेसा जाड माथा जमिनीकडे. असा माथा लावल्यास कंद काहीसा लहान येईल, पण वाण घरातून जाणार नाही. शाळेच्या वाफ्यातून प्रत्येक वर्षी दोन-चार गाठी वा तुकडे मुलांबरोबर घरी गेले, तर हे ज्ञान व हे वाण दोन्ही गावात राहतील.

ज्या शाळांत फुलझाडे आहेत तेथे हाच नियम डेलियावर पडताळून पाहावा. मूळच्या मेक्सिकोतील या झाडाचे बोटांसारखे कंद ही मांसल मुळे असून त्यांच्या अंगावर डोळे नसतात. डोळे असतात ते खोडाच्या बुडाशी, जेथे ही मुळे एकत्र जुळतात तेथे. फुले संपून झाड वाळल्यावर झुबका अखंड काढावा, कोरड्या वाळूत सावलीला ठेवावा व पावसाळा सरल्यावर प्रत्येक मुळासोबत बुडाचा डोळसर तुकडा येईल असा विभागून लावावा. बुडापासून तुटलेले मूळ कितीही जाड असले तरी उगवत नाही. बटाटा, हळद व आले यांचे डोळे कोठे असतात हे मुलांनी शोधून वहीत आकृत्या काढाव्यात.

वर्षाच्या शेवटी प्रत्येक शाळेने लावलेल्या तुकड्यांची संख्या, उगवलेल्यांची संख्या व काढलेल्या कंदांचे वजन यांची नोंद ठेवावी. न उगवलेला तुकडाही उकरून पाहावा. त्यास डोळा होता की नव्हता, हे मुलांनी स्वतः ठरवावे.