गॅरेजातली घरची हत्यारं

सकाळी ८. बंगळूरमधल्या विल्सन गार्डनच्या गल्लीतलं शटर वर करतो. भिंतीवर हत्यारांच्या दोन रांगा आहेत. वर विकतचे पाने, खाली मी स्वतः बनवलेली हत्यारं. मी बेळगावकडचा, मदतीला असलेला पोरगा हुबळीचा. दोघांत मराठी, कन्नड आणि दख्खनी सगळंच चालतं.

साडेआठ. दर्शिनीत उभ्यानं इडली-वडा आणि कॉफी.

९ वाजता. जुनी, कार्बोरेटरची मारुती ८०० आत घेतो. ही गाडी १९८३ साली आली, २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं, पण बंगळूरच्या गल्ल्यांत अजून भेटते. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह. रात्रभर उभी राहिली की सकाळी निळा धूर सोडते, म्हणजे बहुधा व्हॉल्व्हची ऑइल सील गेली. त्यासाठी हेड उतरवावं लागत नाही. रॉकर काढायचे, प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची, एक टोक बाहेर ठेवायचं आणि पाना लावून क्रँक हातानं फिरवत पिस्टन वर आणायचा. दोरी चेपून बसते, व्हॉल्व्हला खालून टेकू देते, मग तो सिलिंडरमध्ये पडत नाही. सुती दोरी नको, तिचे धागे आत सुटतात.

स्प्रिंग दाबायला पट्टीची तरफ आहे. एक टोक हेडला बोल्टनं धरलेलं, मधे पाइपचा तुकडा, त्याला बाजूनं खिडकी कापलेली. दांडा दाबला की स्प्रिंग खाली जाते आणि खिडकीतून मॅग्नेटनं दोन्ही कॉटर उचलता येतात. पोरगा दाबतो, मी उचलतो.

साडेअकरा. सील आणायला जे. सी. रोड. तिथून शिवाजीनगरच्या जुन्या मालाच्या दुकानांत गेलो. मोडीत निघालेल्या गिअरबॉक्सचा शाफ्ट मिळाला की मी लगेच घेतो. क्लचप्लेट मध्यावर बसवायला त्याच गाडीच्या शाफ्टइतकं चोख दुसरं काही नाही, कारण खाचा आणि टोक आधीच जुळलेले असतात.

दुपारी २. डबा.

अडीच. दुसऱ्या गाडीत इंजिनामागच्या एका बोल्टपर्यंत सरळ पाना पोहोचत नाही. जुना रिंग पाना शिकंज्यात धरला. त्याच्या रिंगेवर ओलं फडकं गुंडाळलं, कारण उष्णता तिथवर गेली तर पोलादाचा कडकपणा जातो आणि बोल्टवर तोंड फाकतं. दांडा गॅसवर लाल केला, सावकाश वाकवला, आपोआप थंड होऊ दिला. लाल असताना पाण्यात टाकला तर ठिसूळ होऊन ऐन जोर लावताना तुटेल. मग ग्राइंडरवर रिंगेची भिंत थोडी पातळ केली. बोल्टवर बसला. अशा वेळी मला खरंच आनंद होतो. कंपनीचा खास पाना मिळेपर्यंत ही गाडी इथेच अडून बसली असती.

५ वाजता पोरानं विचारलं, "अण्णा, शॉकअपची स्प्रिंग दाबायला पण एक बनवू या का?" नाही म्हणालो आणि काम थांबवून समजावलं. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतका जोर असतो. आटे सरकले तर ती थेट छातीवर येते. जॅकस्टँडचं तेच, आपण गाडीखाली झोपतो. टॉर्क पानाही विकतचाच हवा. हेडचे बोल्ट अंदाजानं आवळले तर गॅस्केट फुटतं. धरायला, ओढायला, अडचणीत पोहोचायला घरचं हत्यार चालतं. ज्यावर जीव टांगलेला आहे आणि ज्यानं माप घ्यायचं आहे, तिथे नाही.

साडेसात. मारुती सुरू केली, धूर नाही. पण गरम इंजिनाचा भरवसा धरत नाही. चावी ठेवून घेतली. थंड इंजिन सकाळी सुरू करून बघितल्यावरच गाडी मालकाला देणार.

८ वाजता नव्या पान्यावर गाडीचं नाव आणि बोल्टचं माप पंचानं ठोकलं. तुम्हीही हत्यारं बनवत असाल तर एवढं नक्की करा. तुमच्यानंतर पाना हातात घेणाऱ्या पोराला तो कशाचा आहे हे कळलं पाहिजे.