शिलकी खेळण्यांची दुकाने आणि रोकडीचा प्रश्न

उत्पादकाकडे न खपता उरलेला माल एकगठ्ठा घेऊन सवलतीने विकणे, हा किरकोळ व्यापाराचा एक स्वतंत्र प्रकार होय. अमेरिकेतील ‘के. बी. टॉइज’ ही पेढी त्याचे बोधप्रद उदाहरण आहे. १९२२ साली मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड येथे मिठाईचा घाऊक व्यापार म्हणून तिचा आरंभ झाला. पुढे खेळणी हाच तिचा व्यवसाय बनला. नेहमीच्या दुकानांच्या जोडीला तिने सवलतीच्या मालाच्या व्यापारसंकुलांत ‘के. बी. टॉय आउटलेट’ ही दुकाने चालविली.

अशा दुकानाचा नफा विक्रीपेक्षा खरेदीवर अवलंबून असतो. शिलकी माल अवचित निघतो आणि जो तत्काळ पैसे मोजील त्यालाच तो स्वस्तात मिळतो. हाती रोकड असणे ही म्हणूनच या व्यवसायाची पहिली अट होय.

२००० साली बेन कॅपिटल या गुंतवणूकसंस्थेने पेढी विकत घेतली. २००२ साली, अंशतः कर्ज काढून, भागधारकांना सुमारे १२ कोटी डॉलर वाटण्यात आले. २००३ च्या नाताळात वॉलमार्टने खेळण्यांच्या किमती फार खाली आणल्या. जानेवारी २००४ मध्ये पेढीने दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागितले व शेकडो दुकाने बंद केली. डिसेंबर २००८ मध्ये तिने पुन्हा तोच मार्ग धरला आणि २००९ मध्ये तिचा व्यवहार आटोपला.

या अस्ताचे खापर केवळ स्पर्धेवर फोडणे अपुरे होईल. सर्वत्रच किमती उतरल्या की सवलतीचे आकर्षण ओसरते. त्याच वेळी रोकड आटली की स्वस्त खरेदीची शक्तीही उरत नाही. सवलतीचे दुकान हे संकटग्रस्त पेढीला सोपा आसरा वाटते. वस्तुतः ते भांडवलाने सुदृढ असलेल्या पेढीलाच पेलते.