बाणाची काठी

बाणाला आपण 'शर' म्हणतो, तो मुळात एका उंच गवताचा शब्द. त्या गवताच्या सरळ, हलक्या कांड्यांपासून बाण करत, म्हणून गवताचे नाव बाणाला चिकटले. ज्याने हे नाव ठेवले त्याला बाणातले मर्म कळले होते. पाहणाऱ्याची नजर फाळावर जाते, पण बाण नेम धरून जातो की भरकटतो हे काठी ठरवते.

अमेरिकेत आजही कायदेशीर परवान्याने धनुष्यबाणाची शिकार चालते. रॉकी पर्वतातले एल्क जातीचे मोठे हरीण हा तिथला मोठा मान. नर सहज तीनशे किलोंच्या पुढे जातो. बंदुकीची गोळी धक्क्याने इजा करते, बाणाला तो जोर नाही. त्याच्या फाळाने फासळ्यांतून शिरून फुप्फुसे कापली पाहिजेत, तरच जनावर थोड्या वेळात कोसळते. बाण अर्ध्यात अडकला तर ते जखम घेऊन जंगलात पळते आणि तडफडत मरते. म्हणून काठी कशाची घ्यायची, या प्रश्नात एका जिवाच्या यातना गुंतलेल्या आहेत. मला हा विषय जवळचा वाटतो तो यासाठी.

या आधुनिक शिकारीची मुळे एका आदिवासी माणसाच्या हातात सापडतात. ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ 'याही' नावाच्या जमातीतला शेवटचा माणूस उपाशी अवस्थेत सापडला. स्वतःचे नाव त्याने सांगितले नाही, म्हणून मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला इशी म्हटले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'माणूस'. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात तो राहू लागला आणि शेजारच्या रुग्णालयातले डॉ. सॅक्स्टन पोप त्याचे मित्र आणि शिष्य झाले. इशी विच हेझलच्या सरळ फोकी तोडायचा, त्या वाळवायचा, मग निखाऱ्यावर गरम करून वाकलेला भाग दाबून दाबून सरळ करायचा. काठी डोळ्यासमोर धरून तिच्या टोकाकडे पाहायचे, पुन्हा शेकायची, पुन्हा दाबायची. १९१६ मध्ये क्षयाने तो गेला. १९२३ मध्ये पोप यांनी धनुष्याने शिकार करण्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे स्वतःचे बाण बर्चच्या गोल काठ्यांचे असत.

काठीबाबत नवख्याला चकवणारी गोष्ट अशी, की बाण सरळ जातच नाही. जुन्या धनुष्यावर तो मुठीच्या बाजूला टेकलेला असतो. दोरी सुटते तेव्हा मागून रेटा येतो, पुढचा जड फाळ जागा सोडायला वेळ लावतो आणि मधली काठी धनुकलीसारखी वाकते. मुठीला वळसा घालून ती उलट्या बाजूला लवते, पुन्हा इकडे, आणि माशासारखी वळवळत पुढे जाऊन हळूहळू स्थिर होते. काठी फार ताठ असेल तर मुठीला घासून बाजूला फेकली जाते आणि फार लवचीक असेल तर विरुद्ध बाजूला. तिरका जाणारा बाण जनावरावर तिरकाच आदळतो. मग त्याचा सगळा जोर स्वतःची काठी वाकवण्यात खर्च होतो, आत शिरायला काही उरत नाही.

म्हणून काठीचा ताठपणा मोजतात. लाकडी काठी २६ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवून मध्ये दोन पौंडांचे वजन टांगायचे आणि ती किती लवली ते पाहायचे. कार्बनच्या काठीसाठी टेकू २८ इंचांवर आणि वजन ८८० ग्रॅम. ती ०.४०० इंच लवली तर तिच्यावर ४०० छापतात. आकडा जितका लहान, तितकी काठी ताठ. फाळ जड केला किंवा काठी लांब ठेवली की तीच काठी जास्त लवते. एक बदलले की बाकीचे पुन्हा जुळवायचे.

लाकडांत मान पोर्ट ऑर्फर्ड सीडरचा. नैर्ऋत्य ओरेगॉन आणि त्याला लागून असलेल्या कॅलिफोर्नियाच्या एका अरुंद पट्ट्यातच हे झाड नैसर्गिकरीत्या वाढते. त्याचे तंतू सरळ असतात. ताज्या कापलेल्या लाकडाला आल्यासारखा वास येतो. गेल्या शतकाच्या मध्यापासून एका मूळकुज रोगाने त्याची झाडे मरत आहेत, त्यामुळे चांगली काठी दुर्मीळ झाली. लाकडाला ओल बाधते. रात्री सरळ असलेली काठी सकाळी वाकलेली सापडते. पण तिच्या अंगात वजन असते, आणि मोठ्या जनावरासाठी वजन लागतेच.

कॅलिफोर्नियाचा डग ईस्टन किशोरवयात पायांना गोळी लागून अंथरुणाला खिळला. पोप यांच्या लेखनाने त्याला धनुष्याचे वेड लागले आणि १९२२ मध्ये तो सीडरचे बाण बनवू लागला. पण कोणत्याही दोन झाडांची काठी सारखी नसते, हे त्याला सलत राहिले. १९३९ मध्ये तो ॲल्युमिनियमकडे वळला आणि दोनच वर्षांत त्याचे बाण राष्ट्रीय विजेत्याच्या हातात होते. या नळ्यांवरचे आकडे सोपे आहेत. २११७ म्हणजे बाहेरचा व्यास इंचाचे २१ चौसष्टांश आणि भिंतीची जाडी इंचाचे १७ हजारांश. डझनभर बाण अगदी सारखे मिळू लागले ही ॲल्युमिनियमची खरी देणगी. एकदा वाकलेली नळी मात्र पूर्वीसारखी होणे कठीण.

नंतर कार्बन आला, आणि त्याच्याबरोबर वेगाचे वेड. कार्बनची काठी वाकून राहत नाही, एक तर सरळ असते नाहीतर तुटते. ती हलकीही करता येते, म्हणून जाहिराती सेकंदाला किती फूट एवढेच सांगतात. हे शिकाऱ्याची दिशाभूल करणारे आहे असे माझे ठाम मत आहे. १९८० च्या दशकात डॉ. एड ॲशबी यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात मेलेल्या जनावरांवर बाणांच्या चाचण्या घेतल्या. त्यांनी पहिला क्रमांक दिला तो बाण न मोडण्याला, दुसरा त्याच्या सरळ उड्डाणाला. जड हाड फोडायचे तर बाणाचे वजन ६५० ग्रेन, म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम लागते, असे त्यांना आढळले. काठी फाळाच्या मानेपेक्षा बारीक हवी, म्हणजे जखमेत ती घासत नाही. जाड भिंतीची बारीक कार्बन काठी आणि पुढे पितळी किंवा पोलादी जोड, एल्कसाठी मी हीच निवड योग्य मानतो. लाकूड आवडणाऱ्याने जड सीडर किंवा ॲश घ्यावे, पण प्रत्येक काठी तोलून आणि मोजून.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती राहावी. पण बाणाची काठी आता आपल्या मैदानांवरही आहे. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली, आणि त्यांच्या मागोमाग गावोगावची मुले धनुष्य हातात घेऊ लागली आहेत. त्या मुलांच्या पालकांना एकच विनंती. आपटलेली कार्बनची काठी बाहेरून धड दिसते, आत चिरलेली असू शकते. दोरी सुटताना ती फुटली तर तिची कुसळे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. लक्ष्यातून काढलेला प्रत्येक बाण कानाजवळ धरून हलकेच वाकवायला मुलांना शिकवा. करकर ऐकू आली, तर तो बाण तिथेच मोडून टाका.