सोसायटीचं खातं क्लाउडवर उघडायचं म्हणजे नेमकं काय?

‘मल्टी-टेनन्सी’ हा शब्द रिसर्च पेपरमध्ये पहिल्यांदा भेटतो तेव्हा उगाच जड वाटतो. जुन्नर तालुक्यातल्या राजुरीसारख्या गावातली विकास सोसायटी डोळ्यांसमोर आणा, मग बघा.

२९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी रुपये, अंमलबजावणी नाबार्डकडे. पुढे हा आकडा आणखी वाढला. आपल्या कामाची गोष्ट ही, की सगळ्यांसाठी क्लाउडवर एकच सामायिक सॉफ्टवेअर आहे आणि एकेक संस्था त्यावर आणायची आहे. अशी प्रत्येक संस्था म्हणजे एक टेनंट. सरळ मराठीत भाडेकरू.

नवा भाडेकरू आणायचा म्हणजे नाव टाकलं, पासवर्ड दिला, झालं असं वाटतं ना? तेवढं काम काही मिनिटांचंच आहे. खरी गंमत पुढे सुरू होते.

समजा राजुरीच्या सोसायटीत सभासद क्रमांक ११२ आहे. शेजारच्या गावच्या सोसायटीतही ११२ असणारच. कागदी रजिस्टरं वेगवेगळ्या कपाटांत होती तोवर काही बिघडत नव्हतं. आता कपाट एकच. मग ओळख ‘११२’ या एकट्या आकड्यावर ठेवून चालत नाही, संस्थेचा कोड आणि सभासद क्रमांक ही जोडी लागते. आणि ती प्रत्येक टेबलात, प्रत्येक क्वेरीत लागते. एका रिपोर्टमध्ये कोडची अट राहून गेली, तर एका गावची थकबाकी दुसऱ्या गावच्या यादीत दिसेल.

सामायिक प्लॅटफॉर्मवर यासाठी साधारण तीन रीती आहेत: प्रत्येकाला स्वतंत्र डेटाबेस, एकाच डेटाबेसमध्ये स्वतंत्र स्कीमा, किंवा सगळ्यांची टेबलं एकत्र आणि प्रत्येक ओळीवर भाडेकरूचा कोड. पहिली सर्वांत सुरक्षित वाटते, पण ६३,००० डेटाबेस अपग्रेड करायचे म्हणजे काय, याचा जरा विचार करा. तिसरी स्वस्त, पण विसराळूपणाला माफी नाही. म्हणून अट प्रोग्रामरच्या भरवशावर न सोडता डेटाबेसनेच लावायची सोय निघाली. पोस्टग्रेसमध्ये ती ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून आहे.

पण मला विचाराल तर सर्वांत दुर्लक्षित भाग आरंभीच्या शिलकीचा. नवीन खात्यात जुनी रजिस्टरं चढवावी लागतात. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्र आणि राज्याच्या सवलती मिळून शेतकऱ्याला व्याज पडत नाही. आता डेटा चढवताना भरण्याच्या तारखेच्या जागी चढवल्याची तारीख पडली तर? बेरीज तंतोतंत जुळेल, ताळेबंद बरोबर येईल, आणि वेळेवर पैसे भरलेला माणूस थकबाकीदार ठरेल. म्हणजे नुसती बेरीज जुळवणं ही तपासणी नव्हे. प्रोव्हिजनिंगवरच्या पेपरांत खातं किती सेकंदांत तयार झालं हे मोजायची हौस फार. ते बरोबर तयार झालं का, हा प्रश्न माझ्या मते जास्त मोलाचा आहे.

आणखी एक. खातं तयार करण्याचे टप्पे अनेक असतात: कोड, वापरकर्ते, अधिकार, व्याजदर, शिल्लक. मध्येच वीज किंवा नेट गेलं, तर सचिव तेच बटण पुन्हा दाबणार. दाबायलाच हवं! अशा वेळी दुसरी संस्था तयार न होता राहिलेलं काम तेवढं पुरं व्हायला हवं. या गुणाला आयडेम्पोटन्स म्हणतात. मुलाखतीत हा शब्द विचारतातच, तेव्हा हे उदाहरण सांगा.

हात घालून बघायचं असेल तर लॅपटॉप पुरे. पोस्टग्रेसमध्ये दोन काल्पनिक सोसायट्या करा, दोन्हींत सभासद ११२ ठेवा. पहिलीच्या लॉगिनमधून दुसरीचा ११२ दिसतो का, बघा. मग खातं तयार करणारी स्क्रिप्ट तिसऱ्या टप्प्यावर मुद्दाम बंद पाडा, पुन्हा चालवा आणि आता किती सोसायट्या आहेत ते मोजा.