चंदैनी गोंदा

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग स्थानक मागे पडले, की थोड्याच वेळात भिलाईची उंच धुराडी दृष्टीस पडू लागतात. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून भिलाईचे नाव पोलादाशी आणि रेल्वेच्या रुळांशी कायमचे जोडले गेले. परंतु या भट्ट्यांच्या उजेडात, दुर्ग-भिलाईच्या परिसरात, आणखीही एक घडण झाली. तिला लोखंड लागले नाही. तिला पेटी, बासरी, ढोलक आणि साठांच्या आसपास माणसांचे कंठ व हात लागले. त्या घडणीचे नाव ‘चंदैनी गोंदा’.

छत्तीसगढी बोलीत गोंदा म्हणजे झेंडू. त्यातील लहान फुलांच्या, चांदण्यांप्रमाणे झाडभर विखुरणाऱ्या जातीस चंदैनी गोंदा म्हणतात. परसात आपोआप उगवणारे आणि तरीही देवाला वाहिले जाणारे हे फूल आहे. दुर्गजवळच्या बघेरा या गावी ७ नोव्हेंबर १९७१ रोजी एका नव्या कलापथकाचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा त्याने हेच नाव धारण केले. ते पथक रूढ अर्थाने नाटकमंडळी नव्हते, की भजनी मेळाही नव्हता. एका शेतकऱ्याचे सारे जीवन गाण्यांच्या माळेतून उभे करणारा तो एक वाद्यवृंद होता. याच सुमारास पाश्चात्त्य देशांत रॉक संगीताचे काही वृंद सुट्या गाण्यांची वाट सोडून संबंध गीतमालेतून एक कथा सांगण्याचा प्रयत्न करीत होते. इंग्लंडमधील ‘द हू’ या वृंदाची ‘टॉमी’ ही गीतमाला १९६९ सालची. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. मात्र रुळलेली चाकोरी अपुरी वाटू लागली, म्हणजे गाणारी माणसे निरनिराळ्या देशांत सारखाच मार्ग शोधतात, एवढे त्यावरून दिसते.

छत्तीसगढातील ती रुळलेली चाकोरी म्हणजे ‘नाचा’. मराठी माणसास नाचाची ओळख करून देणे कठीण नाही, कारण तमाशाशी त्याचे जवळचे नाते दिसते. रात्रभर चालणारा खेळ, स्त्रीवेष घेतलेले पुरुष, लोकांस हसविणारा ‘जोक्कड’ आणि प्रसंग घडेल तसे रचलेले संवाद ही त्याची अंगे होत. त्यातील विनोदी प्रवेशांस तर ‘गम्मत’ असेच म्हणतात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात मराठी फौजांबरोबर हा शब्द आणि हा खेळ तिकडे गेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. नाचात थट्टेच्या आडून गावच्या सावकारास व पुढाऱ्यास सुनावण्याची मोकळीक असे. पण त्याबरोबर सवंगपणाही शिरला होता, आणि शिकलेला वर्ग त्याकडे नाक मुरडून पाहत असे.

नाचा हा जुना असला, तरी गोठलेला कधीच नव्हता. पूर्वी वादक कमरेला वाद्ये बांधून उभ्यानेच वाजवीत, आणि मशालींच्या उजेडात खेळ होई. रवेली गावचे दुलारसिंह साव, ज्यांस लोक मंदराजी दाऊ म्हणून ओळखतात, त्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या पथकात चिकाऱ्याच्या जागी पेटी आणली. त्यांनी या कलेपायी घरची मालमत्ता खर्ची घातली. १९८४ साली त्यांचे निधन झाले. आज परंपरेचा भाग वाटणारी पेटी ही एके काळी धाडसाची गोष्ट होती, हे ध्यानात घेतले, म्हणजे चंदैनी गोंदाचे धाडसही त्याच परंपरेतले ठरते.

चंदैनी गोंदाचे जनक दाऊ रामचंद्र देशमुख हे १९१६ साली पिनकापार या गावी जन्मले. ‘दाऊ’ ही छत्तीसगढात जमीनदार घराण्यातील पुरुषास लावावयाची आदराची उपाधी. त्या काळी छत्तीसगढ मध्यप्रांतात होता आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. साहजिकच देशमुखांचे उच्च शिक्षण नागपुरास झाले. शेतकीची व कायद्याची पदवी मिळवून ते परतले, पण त्यांचे मन रमले ते गावच्या कलावंतांत. १९५० च्या सुमारास त्यांनी ‘छत्तीसगढ देहाती कला विकास मंडळ’ स्थापिले. निरनिराळ्या पथकांतील उत्तम नट निवडून एकत्र करावे आणि नाचाला आशयाची जोड द्यावी, हा त्यामागील हेतू होता.

मंडळाच्या खेळांनी हबीब तन्वीर यांचे लक्ष वेधले. मूळचे रायपूरचे असलेले तन्वीर युरोपातील रंगभूमीचा अभ्यास करून आले होते. १९५८ साली ‘मृच्छकटिका’वर आधारलेल्या आपल्या नाटकासाठी त्यांनी छत्तीसगढातील सहा लोककलावंत दिल्लीस नेले. मदनलाल, ठाकुरराम, भुलवाराम, लालूराम ही त्यांतली नावे पुढे भारतीय रंगभूमीच्या इतिहासात नोंदली गेली. छत्तीसगढी नटाचे सामर्थ्य त्यामुळे देशाने पाहिले. देशमुखांच्या मंडळाचा आधार मात्र त्यामुळे सुटला, आणि बराच काळ त्यांच्या हातून तसे दुसरे कार्य उभे राहिले नाही.

या काळात आसपासचे जग पालटले. भिलाईत देशाच्या सर्व प्रांतांतून कामगार व अभियंते आले, आणि नव्या वसाहतीत हिंदी ही सर्वांची व्यवहारभाषा झाली. खेड्यातून कामावर येणारा छत्तीसगढी माणूस आपल्याच भूमीत बिचकू लागला. त्याची बोली ही अडाण्याची बोली, अशी समजूत पसरत चालली. देशमुखांना उत्तर द्यावयाचे होते ते या समजुतीला. नाचातील थट्टा त्यास पुरेशी नव्हती. ज्या बोलीला लोक हसतात, त्याच बोलीत गंभीर आणि सुंदर काही सांगता येते, हे हजारोंच्या देखत सिद्ध करावयाचे होते. म्हणून त्यांनी गावोगाव हिंडून कलावंत गोळा केले, आणि बघेऱ्यास आपल्या घरी ठेवून त्यांची तालीम घेतली.

त्या निवडीतच पथकाचे यश सामावले होते. संगीताची धुरा खुमानलाल साव यांच्याकडे आली. १९२९ साली जन्मलेले साव पेशाने शिक्षक होते. तरुणपणी त्यांनी नाचाच्या पथकांतून पेटी वाजविली होती, आणि पुढे राजनांदगावात सुगम संगीताचे वाद्यवृंदही चालविले होते. खेड्याची चाल आणि शहराची वाद्यरचना या दोहोंची नस त्यांना ठाऊक होती. गीते रचण्यास व गाण्यास लक्ष्मण मस्तुरिया हा बावीस वर्षांचा तरुण कवी लाभला. भैयालाल हेडाऊ, केदार यादव, कविता हिरकने यांच्यासारखे गायक आणि बेंजोवादक गिरिजा सिन्हा हेही त्यात होते. यांपैकी हेडाऊ हे पुढे सत्यजित राय यांच्या ‘सद्गती’ या चित्रपटातही दिसले.

सावांपुढील अडचण काय होती, हे समजून घेण्यासारखे आहे. ‘सुवा’ गीताचे उदाहरण घ्यावे. दिवाळीच्या दिवसांत स्त्रिया टोपलीत मातीचा पोपट ठेवतात आणि त्याभोवती वाकून फेर धरतात. आपल्याकडील भोंडल्याची आठवण व्हावी, असाच हा प्रकार. त्यास वाद्य कोणतेच नसते, असतो तो केवळ टाळ्यांचा ठेका. ‘ददरिया’ हे शेतात राबणाऱ्या स्त्री-पुरुषांनी एकमेकांस उद्देशून म्हटलेले दोन ओळींचे गाणे. त्याची लांबी काम संपेपर्यंत आणि सवालजवाब सुचतील तेवढी. ‘करमा’ मांदळाच्या नादावर चालतो, तर सतनामी पंथाचे ‘पंथी’ गीत हळूहळू लय वाढवीत शिगेला पोहोचते. ही गाणी जेथे जन्मली, तेथे त्यांना श्रोता नसतो. जो तो गाणाराच असतो. ती व्यासपीठावर आणून समोर बसलेल्या समुदायास ऐकवावयाची, तर एकाच चालीची आवृत्ती कंटाळवाणी होते. वाद्यांची गर्दी करावी, तर मूळ चाल चित्रपटगीतासारखी भासू लागते.

सावांनी मधला मार्ग काढला. मूळ चालीचे वळण आणि ठेका त्यांनी हलविला नाही. गाण्याच्या आरंभी आणि कडव्यांच्या मध्ये मात्र बासरी, बेंजो व पेटी यांच्या लहान स्वरावली योजल्या. चालीला त्यामुळे विसावा मिळाला आणि पुढील कडव्याची उत्सुकता वाढली. नवी गीते जुन्या चालींच्या इतकी जवळची झाली, की पुष्कळांस ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वाटू लागली. मस्तुरियांच्या ‘मोर संग चलव रे’ या गीताची तीच कथा. पडलेल्या, थकलेल्या माणसांना हाक देऊन आपल्याबरोबर चालावयास सांगणारे ते गीत पुढे सभांतून व चळवळींतूनही गाइले गेले.

या साऱ्या गीतांस कथेचा धागा होता तो शेतकऱ्याचा. नांगरणी, पेरणी, सण, लग्न, दुष्काळ, कर्ज, शोषण, आणि इतके होऊनही मातीवरचा न सुटणारा लोभ असा तो क्रम. स्वतः जमीनदार घराण्यात जन्मलेल्या माणसाने शेतकऱ्याच्या पिळवणुकीचे चित्र पदरच्या पैशाने उभे करावे, यात विसंगती दिसेल. परंतु ती विसंगती देशमुखांनी लपविली नाही, आणि लोकांनीही ती त्यांच्या आड येऊ दिली नाही. उघड्या मैदानावर होणाऱ्या या प्रयोगांस खेड्यापाड्यांतून हजारो माणसे येत. १९६३ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या रायपूर केंद्रावरून ही गाणी ऐकू येऊ लागली, तेव्हा ज्यांनी प्रयोग पाहिला नव्हता, तेही ती गुणगुणू लागले.

या यशाची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. नाचात नट रोज नवे बोलतो, येथे शब्द व स्वर ठरलेले. लोकगीतास कर्ता नसतो, येथे कवीचे व संगीतकाराचे नाव आले. सर्वांच्या मालकीचे गाणे निवडक गळ्यांचे झाले, आणि गाणारा समाज काहीसा ऐकणारा समाज बनला. दुसऱ्या पक्षी, लाज वाटून जी गाणी तरुणांनी टाकली असती, ती त्यांच्या ओठांवर राहिली, तीही याच प्रयोगामुळे.

त्याच सुमारास या परिसरात आणखीही वाटा निघत होत्या. हबीब तन्वीर यांनी ‘चरणदास चोर’ या नाटकाचे पहिले, लहान रूप भिलाईतच दाखविले. पुढे १९८२ साली त्याच नाटकाने एडिंबरोच्या महोत्सवात पारितोषिक मिळविले. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई पंडवानी गात होत्या. स्त्रियांनी बसूनच गावे, हा संकेत मोडून त्यांनी उभ्याने महाभारत गाइले, आणि २०१९ साली त्यांस पद्मविभूषण हा किताब मिळाला. तन्वीरांनी छत्तीसगढी बोली जगापुढे नेली, तीजनबाईंनी स्त्रीचा कंठ उभा केला. चंदैनी गोंदाने आपल्याच लोकांस आपलेच गाणे नव्याने ऐकविले.

गाणाऱ्या वृंदांचे आयुष्य बहुधा अल्प असते. एका छत्राखाली गोळा झालेले गुणी कलावंत आपापली वाट शोधू लागतात, तसेच येथेही घडले. १९७४ साली दाऊ महासिंह चंद्राकर यांचे ‘सोनहा बिहान’ हे पथक उभे राहिले. कविता वासनिक, म्हणजेच पूर्वीच्या कविता हिरकने, यांचे ‘अनुराग धारा’ पुढे आले. १९८० नंतरच्या काही वर्षांतच देशमुखांनी आपला प्रयोग थांबविला, आणि ते ‘कारी’ या नव्या नाट्यकृतीकडे वळले. १९९८ साली ते निवर्तले. पण नाव मिटले नाही. खुमानलाल साव यांनी ‘चंदैनी गोंदा’ याच नावाने कार्यक्रम पुढे चालू ठेवले. २०१५ सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांस मिळाला, तेव्हा त्यांनी वयाची पंच्याऐंशी वर्षे ओलांडली होती.

मस्तुरिया ३ नोव्हेंबर २०१८ रोजी गेले, साव ९ जून २०१९ रोजी. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात छत्तीसगढ शासनाने आपले राज्यगीत जाहीर केले. ते होते डॉ. नरेंद्रदेव वर्मा यांचे ‘अरपा पैरी के धार’. चंदैनी गोंदापाठोपाठ जन्मलेल्या ‘सोनहा बिहान’च्या मंचावरून ते लोकांपर्यंत पोहोचले होते. ज्या बोलीत बोलावयास भिलाईच्या फाटकाशी माणूस एके काळी संकोचत असे, त्याच बोलीतील गाणे आता शासकीय समारंभांत गाइले जाते.